झोप घटली की पेन्सिल उचला

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे. त्याच्या प्रत्येक चौकटीत, तिथीच्या खाली, पेन्सिलीनं एक आकडा असतो. पाहुण्यांना तो दुधाचा हिशेब वाटतो. तो माझ्या दिरांच्या झोपेचा हिशेब आहे. सात, सात, साडेसहा, सात असे आकडे असले की घर चालू. पाच, चार, तीन असे उतरायला लागले की आम्ही बाकीची कामं गुंडाळतो.

भाऊजींना बायपोलर आहे. कधी महिनोन्‌महिने खोल उदासी, कधी उन्माद, आणि मधली पुष्कळ वर्षं तुमच्याआमच्यासारखी. उन्मादाला डॉक्टर ‘मॅनिया’ म्हणतात, आमच्या अमरावतीच्या राजापेठेत ‘डोकं तापलं’ म्हणतात. पहिल्यांदा आला तेव्हा एप्रिल होता आणि त्यांनी सतरा छत्र्या विकत आणल्या. अमरावतीत, एप्रिलात. पहाटे चारला राजापेठच्या बसस्थानकावर जायचं, पहिल्या गाड्यांच्या चालक-वाहकांना चहा पाजायचा आणि ज्याला आवडेल त्याला छत्री द्यायची, असा तीन दिवस कार्यक्रम चालला. आम्ही हसलो. वर्षभर खोलीबाहेर न पडलेला माणूस बोलतोय, फिरतोय, जेवतोय म्हणून सासूबाईंनी अंबादेवीची ओटी भरली. चौथ्या दिवशी संध्याकाळी भाऊजी अंबा एक्सप्रेसमध्ये बसून मुंबईला निघून गेले.

त्यानंतरच्या पंधरा वर्षांत जे शिकलो ते लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. गोळी कोणती आणि किती, हे ज्याचं त्यानं डॉक्टरांना विचारायचं. पण घरात कसं वागायचं हे गर्दीच्या ओपीडीत कुणी सांगत बसत नाही. माझं मत विचाराल तर उन्मादाशी भांडण उन्मादात होतच नाही. ते आधी, सगळं सुरळीत असताना, कागद-पेन्सिल घेऊन करावं लागतं.

ओळखताना

करा – झोपेचे तास लिहा. निद्रानाशाचा माणूस सकाळी मेल्यासारखा उठतो. उन्मादाचा माणूस तीन तास झोपून टवटवीत उठतो आणि ‘झोपेत वेळ कशाला घालवायचा?’ असं आपल्यालाच विचारतो. झोप येत नाही आणि झोपेची गरजच नाही असं वाटणं, यातला फरक एकदा कळला की निम्मं काम झालं.

करा – झोपेसोबत आणखी चार गोष्टींवर नजर ठेवा. बोलण्याचा वेग, विषयांच्या उड्या, नव्या योजनांची संख्या आणि खर्च. हे सगळं आठवडाभर टिकलं, किंवा त्याआधीच दाखल करायची वेळ आली, तर डॉक्टर त्याला उन्माद म्हणतात. निदान चार दिवसांची, सौम्य, कामधंदा न बिघडवणारी चढण असेल तर तिला हायपोमॅनिया म्हणतात. घरच्यांनी नावावर वाद घालत बसू नये. तिसऱ्या दिवशी फोन करावा.

करा – त्या माणसाची स्वतःची खूण शोधा. पुस्तकातली यादी सगळ्यांची असते, खूण एकेकाची वेगळी. आमच्या भाऊजींची खूण इस्त्री. रात्री साडेअकराला ते घरभराचे कपडे काढून इस्त्री करायला बसतात. माझ्या साड्या, पोरांचे गणवेश, उशांचे अभ्रे, एकदा तर टेबलावरचा प्लास्टिकचा रुमालही. (तो चिकटला.) इस्त्रीचा वास रात्री आला की मी दुसऱ्या दिवशी सकाळीच डॉक्टरांची वेळ घेते.

टाळा – ‘खूश आहे, राहू द्या.’ लांबलेल्या उदासीनंतर आलेली चढण घरच्यांना फार गोड लागते. आम्ही त्याच गोडीत चार दिवस घालवले.

टाळा – उन्माद म्हणजे हसणं-खिदळणं, हे समीकरण. पुष्कळांचा उन्माद चिडका असतो. साध्या ‘जेवलात का’वरही ताट भिरकावलं जातं. मग घरात त्याला ‘माज आला’ म्हणतात आणि दोन आठवडे हातचे जातात.

टाळा – उदासीच्या गोळ्या स्वतःहून पुन्हा सुरू करणं. बायपोलर असलेल्या माणसाला नुसत्या नैराश्याच्या गोळ्या दिल्या तर काही वेळा त्याच गोळ्या उन्मादाकडे ढकलतात. म्हणून नव्या डॉक्टरांकडे गेलात तर आजच्या उदासीआधी पूर्वीच्या छत्र्यांची गोष्ट सांगा. दम्याला किंवा त्वचेला दिलेली स्टिरॉइडं, वाढलेला थायरॉइड, गांजा, भांग यांनीही तोच खेळ होतो. होळीच्या ठंडाईला ‘देवाचा प्रसाद’ म्हणणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवते.

हा आजार दुर्मीळ नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात आयुष्यात केव्हातरी बायपोलर झालेल्यांचं प्रमाण ०.५ टक्के निघालं, म्हणजे दोनशे प्रौढांमागे एक. सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तरी आकडा आपल्याकडे फार वेगळा असेल असं मानायला कारण नाही. आपल्या एखाद्या लग्नाच्या पाचशेच्या पंगतीत दोघं-तिघं बसलेले असतात. वाढणाऱ्याला कळत नाही, एवढंच.

शांत दिवसांत

करा – कागद करून ठेवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं दोन हत्यारं दिली आहेत आणि फारच थोड्या घरांनी ती उचलली आहेत. पहिलं म्हणजे नामनिर्देशित प्रतिनिधी. आपली निर्णयशक्ती डळमळली तर आपल्या वतीनं कोण बोलेल, हे साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून ठरवता येतं. दुसरं म्हणजे आगाऊ निर्देश. आजारी पडलो तर कोणते उपचार चालतील आणि कोणते नकोत, हे शहाणपणाच्या दिवसांत लेखी सांगून ठेवता येतं. मात्र जिवावरच्या आणीबाणीत आगाऊ निर्देश लागू होत नाही, हे आधीच माहीत असावं.

भाऊजींनी प्रतिनिधी म्हणून मला नेमलं, स्वतःच्या मोठ्या भावाला नाही. ‘दादा ओरडते, वैनी इचारते,’ हे कारण. आमचे हे आठवडाभर फुगून होते. कायद्याच्या कागदाशिवाय भाऊजींनी एका वहीत स्वतःच्या भाषेत लिहून ठेवलं: ‘रातच्याले इस्त्री काढली तर मले डाक्टरकडे न्या. मी नाई म्हणीन. तरी न्या. मंग मी शिव्या देईन. त्या मनावर घेऊ नका.’ खाली सही, तारीख. उन्मादात हा कागद त्यांना दाखवला की ते चिडतात, पण अक्षर स्वतःचं असल्यानं फाडत नाहीत.

करा – पैशाला कुलूप लावा, माणसाला नाही. भाऊजींच्या संमतीनं यूपीआयची रोजची मर्यादा खाली आणली. क्रेडिट कार्ड बंद केलं. मोठी रक्कम मुदत ठेवीत टाकली. वावराचा सातबारा आणि घराची कागदपत्रं बँकेच्या लॉकरमध्ये गेली. कापूस-सोयाबीनचे पैसे हातात येतात तो महिना आमच्याकडे सर्वांत नाजूक. केय रेडफील्ड जेमिसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंना स्वतःला बायपोलर आहे. उन्मादात आपण सर्पदंशावरचे बारा संच विकत घेतले, असं त्यांनी १९९५ च्या आत्मकथनात लिहिलं आहे. ते वाचून भाऊजी म्हणाले, ‘बारा? माया सतरा व्हत्या.’

करा – उन्मादाच्या काळात मोठा व्यवहार झालाच तर त्या तारखांची डॉक्टरांची चिठ्ठी जपा. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, एरवी शहाणा असलेला माणूस ज्या काळात भानावर नसतो त्या काळात करार करू शकत नाही. सौदा उलटवायचा असेल तर वकील पहिला प्रश्न त्या तारखेच्या पुराव्याचा विचारतो.

टाळा – ‘बरं वाटतंय, आता गोळ्या कशाला?’ हा प्रश्न घरातली माणसंच जास्त विचारतात. मावशी, काका, व्याही. लिथियम हे उन्माद आवरणारं औषध अचानक थांबवलं तर उन्माद लवकर आणि जोरात परतण्याचा धोका असतो. बंद करायचं तर डॉक्टरांच्या देखरेखीत, हळूहळू, महिने घेऊन.

आता वऱ्हाडातल्या लोकांसाठी खास विषय, कारण तो मुंबई-पुण्याच्या पुस्तकांत कुणी लिहीत नाही: लिथियम आणि आपला उन्हाळा.

लिथियम हे एक क्षार आहे. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९४९ मध्ये उन्मादावर त्याचा उपयोग दाखवला. त्यांच्या पहिल्या रुग्णांपैकी एकजण पुढे लिथियमच्याच विषबाधेनं दगावला. रक्तात ते किती आहे हे पाहत राहण्याची रीत तेव्हा बसलेली नव्हती. आज ते सहज मोजता येतं. पातळी साधारण ०.६ ते १.२ च्या दरम्यान राहावी लागते आणि १.५ च्या वर गेली की धोका सुरू होतो. अंतर किती थोडं आहे पाहा. आणि शरीर सोडियम आणि लिथियम यांना एकाच रांगेत उभं करतं. घामानं पाणी आणि मीठ गेलं की मूत्रपिंडं मीठ धरून ठेवू लागतात, सोबत लिथियमही धरतात. पारा पंचेचाळीसवर असताना अमरावती-अकोल्यात दुपारी कामावर गेलेल्या माणसाच्या रक्तात तीच गोळी, तेवढीच गोळी, जास्त भरते.

करा – एप्रिल ते जून पाण्याची बाटली सोबत, दिवसातून दोनदा मीठ घातलेलं ताक किंवा लिंबाचं सरबत, आणि दुपारी बारा ते चार घरात. कूलरमध्ये पाणी आहे का, हे भाऊजींच्या खोलीत आम्ही आधी बघतो.

करा – लिथियमची रक्ततपासणी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्या. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावरच. नाहीतर आकडा फसवतो. मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियमही डॉक्टर सांगतील त्या अंतरानं तपासून घ्या.

करा – जुलाब, उलट्या किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. हात जोरजोरात थरथरणं, चालताना तोल जाणं, जीभ जड होणं, गुंगी येणं ही विषबाधेची चिन्हं आहेत. तिथे सकाळपर्यंत थांबायचं नाही.

टाळा – मेडिकलमधून अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेणं. या गोळ्या लिथियमची पातळी वाढवतात. रक्तदाबाच्या काही गोळ्याही वाढवतात. साध्या तापाला पॅरासिटामॉल पुरतं. मेडिकलवाल्याला ‘लिथियम चालू आहे’ हे वाक्य आधी सांगायची सवय लावा.

टाळा – निर्जळी एकादशी, आणि एकाएकी बिनमिठाचं जेवण. नवरात्रात भाऊजी अंबादेवीला जातात, पण पहाटेच्या गर्दीत अनवाणी नाही. सात तास झोपून, चहा-नाश्ता करून, दहा वाजता, चपला घालून. पहिल्या वर्षी सासूबाईंना हे पाप वाटलं. आता त्याच त्यांना उठवायला जात नाहीत.

टाळा – रात्रपाळी, रात्रभराचं जागरण, पहाटे तीनला निघायच्या सहली. जागून काढलेली एकच रात्रही उन्मादाची वात पेटवू शकते. मित्राच्या हळदीला भाऊजी जातात आणि साडेदहाला घरी येतात. मित्रांनी याची चेष्टा करायची ती करावी.

बायकांसाठी दोन गोष्टी, आणि त्या सासरच्यांनी वाचाव्यात. मूल व्हायचं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण व्हॅल्प्रोएट या औषधानं गर्भात व्यंगं निर्माण होऊ शकतात. आपल्या मनानं सगळ्याच गोळ्या बंद करणं हाही तितकाच मोठा धोका. आणि बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे बायपोलर असलेल्या बाईसाठी सर्वांत धोक्याचे असतात. माहेरी गेलेली बाळंतीण दोन रात्री झोपली नाही आणि भलतंच बोलू लागली तर ती ‘बाहेरची बाधा’ नाही. तातडीनं दवाखान्यात न्यायची वेळ आहे. रात्रीचं एक तरी दूध दुसऱ्या कुणी पाजावं आणि तिला सलग झोप द्यावी.

टाळा – ‘लग्न लावून द्या, बरा होईल.’ लग्नानं बायपोलर बरा होत नाही. लग्नाच्या जागरणानं मात्र उलटतो. आजार लपवून लावलेलं लग्न पुढे कोर्टात उभं राहतं. त्यात जिचं काहीच चुकलं नाही अशी एक मुलगी असते.

चढताना

करा – झोपेच्या दारानं आत शिरा. ‘तुम्ही आजारी आहात’ हे वाक्य उन्मादातल्या माणसाला खोटंच वाटतं, कारण त्याला आयुष्यात कधी इतकं बरं वाटलेलं नसतं. भाऊजी एकदा मला म्हणाले, ‘वैनी, मी पह्यल्यांदाच बरा झालो, अन् तुमी मले दवाखान्यात नेऊन राह्यल्या.’ याला उत्तर नाही. मी म्हटलं, ‘बरं वाटून राह्यलं, मानलं. पन झोप काहून नाई येऊन राह्यली? तेवढंच इचारू डाक्टरले.’ तेवढ्यासाठी ते आले.

करा – घर मंद करा. टीव्ही बंद, दिवे कमी, चहा-कॉफी दुपारनंतर नाही, पाहुणे नाहीत, मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत. नऊला अंधार, कूलरचा आवाज, बस. उन्माद उजेडावर आणि माणसांवर पोसतो.

करा – वाक्यं लहान ठेवा. ‘जेवा.’ ‘गोळी घ्या.’ ‘आता नाही, उद्या बोलू.’ एकाच माणसानं बोलावं. सगळं घर एकदम समजावायला बसलं की ती सभा होते, आणि सभेत भाऊजी जिंकतात.

करा – मोटरसायकलची किल्ली बाजूला करा. मागितली तर ‘पंक्चर आहे’ असं खोटं सांगू नका. ‘डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस नाही’ हे खरं सांगा.

टाळा – योजनेवर वाद. भाऊजी एकदा संत्र्याच्या सालीपासून वीज काढणार होते. त्यावर हसलो तर भांडण, ‘वा’ म्हटलं तर दुसऱ्या दिवशी मशीनची ऑर्डर. ‘वहीत लिहून ठेवू, महिन्यानं पाहू’ एवढंच म्हणायचं. वही अजून आहे. महिन्यानं ते स्वतःच पाहतात आणि पान उलटतात.

टाळा – गोळी वरणात मिसळणं. हे आम्ही केलं. मी केलं. चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी त्यांनी वाटीच्या तळाशी पांढरा गाळ पाहिला, वाटी शांतपणे खाली ठेवली आणि तीन महिने माझ्या हातचं खाल्लं नाही. उन्माद पुढच्या महिन्यात उतरला. ते वरणाचं मात्र अजून पूर्ण उतरलेलं नाही. शिवाय मात्रा कळत नाही, आणि लिथियमसारख्या औषधात ते जिवावर बेतू शकतं.

टाळा – शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरची झोपेची गोळी. आणि ‘एक इंजेक्शन द्या, उतरून जाईल’ हा हट्टही. इंजेक्शननं झोप लागते, माणूस शांत होतो. उन्माद पूर्ण उतरायला कित्येक आठवडे लागतात.

हाताबाहेर गेल्यावर

करा – १०८ ला फोन करा. जिवाला धोका असेल तर ११२. अमरावतीत जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे आपलं इर्विन. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सर्वोपचार रुग्णालय. लांबचं म्हणजे नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय, दीडशे किलोमीटरवर. रात्री कुठे जायचं हे शांत दिवसांत ठरवून, नंबर कालनिर्णयाच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

करा – सोबत तीन गोष्टी न्या: चालू गोळ्यांची पाकिटं, शेवटचा रक्ताचा रिपोर्ट आणि झोपेचे आकडे. आमचं कालनिर्णयाचं पान पाहून एका तरुण डॉक्टरनं बाकीचे प्रश्न विचारलेच नाहीत.

करा – कायदा समजून घ्या. माणूस स्वतः तयार असेल तर तो स्वतःच्या सहीनं दाखल होतो, हे सर्वांत चांगलं. तयार नसेल आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा व्हायचा धोका असेल, तर २०१७ च्या त्याच कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे प्रतिनिधीच्या अर्जावर, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून, तीस दिवसांपर्यंत दाखल करता येतं. आणीबाणीत कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो. पोलिसांचंही यात काम आहे: रस्त्यावर भरकटलेल्या माणसाला ताब्यात घेऊन दवाखान्यात पोचवणं. कोठडीत टाकणं नाही.

टाळा – दोरी, साखळी, बंद खोली. साखळीला हा कायदा बंदी घालतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं-मारणं हा २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. कायदे बाजूला ठेवले तरी ६ ऑगस्ट २००१ ची पहाट विसरू नये. तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमाला आग लागली आणि साखळीनं बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. पळता आलं नाही, कारण पायात साखळी होती.

आपल्याकडे लोक बुलढाण्याला सैलानीबाबांकडे नेतात. मी जाऊ नका म्हणणार नाही. आमच्या घरीही नवस बोलला गेला होता. नारळ वाहा, दुवा मागा, पण गोळ्यांचं पाकीट खिशात ठेवून जा, वेळेवर द्या, रात्री झोपायला परत या. कुणी ‘औषध सोडा तरच गुण येईल’ म्हणालं तर तिथून उठा.

टाळा – व्हिडिओ. घरच्यांनी डॉक्टरांना दाखवायलाही विचारून काढावा. ग्रुपवर टाकायला तर कुणीच नाही. उन्माद कधीतरी जातो, व्हिडिओ जात नाही.

मुंबईहून परत आणल्यापासून भाऊजींच्या शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी असते: नाव, आजार, गोळ्या, माझा नंबर. अंबा एक्सप्रेसच्या त्या फेरीत ती असती तर मुंबईत त्यांना शोधायला अकरा दिवस लागले नसते.

उतरल्यावर

इथे घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि खरी दरी इथेच असते. उन्माद उतरला की माणसाला सगळं आठवतं: कुणाला काय बोललो, किती उधार, कुणाच्या दारात नाचलो. लाज येते, आणि लाजेमागून उदासी. या आठवड्यांत आत्महत्येचे विचार येऊ शकतात.

करा – थेट विचारा: ‘मरावं असं वाटतं का?’ विचारल्यानं विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं.

करा – फवारणीची औषधं घरातून हलवा. वावरातल्या कोठीत कुलूप, किल्ली दुसऱ्याकडे. वऱ्हाडातल्या घरासाठी ही ओळ या यादीत पहिली असायला हवी होती.

करा – छत्र्या परत करायला सोबत जा. सतरापैकी नऊ उरल्या होत्या. दुकानदारानं सहा घेतल्या. उरलेल्या तीन आम्ही अजून वापरतो, पावसाळ्यात.

टाळा – हिशेब वाचून दाखवणं. त्याला तो तोंडपाठ असतो.

वाचायचं असेल तर जेरी पिंटो यांची ‘एम आणि हूमराव’ ही कादंबरी वाचा, शांता गोखले यांनी मराठीत आणलेली. माहीमच्या लहानशा फ्लॅटमधलं घर आणि बायपोलर असलेली आई. आमच्या घरी ती चौघांनी वाचली. भाऊजींनी दोनदा.

राजापेठेला

उधारी देणाऱ्या दुकानदारांनो, एकाच माणसानं आठवड्यात तीच वस्तू दहादा मागितली तर वही बंद करा आणि घरी कळवा. पोट्ट्यांनो, बसस्थानकावर भाऊजींना भाषण करायला चढवू नका. टाळ्या वाजवणाऱ्यांतलं कुणीही पुढच्या महिन्यात भेटायला आलं नव्हतं. शेजारच्या काकूंनो, ‘बह्याड झाला’ असं खिडकीतून म्हणू नका, आमच्या घरात ऐकू येतं.

आणि पहाटे चारला भाऊजी तुम्हाला चहा पाजायला आले, तर चहा घेऊ नका. पाच मिनिटं त्यांच्याशेजारी बसा आणि मला फोन करा. नंबर त्यांच्या डाव्या खिशात आहे.